पेपर कुठे पाठवायचा? एका सर्जिकल टीमच्या जर्नल निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही केस एका सर्जरी विभागातल्या छोट्या टीमची आहे. नावं, ठिकाण, हॉस्पिटल सगळं काढलंय, ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मी या टीममध्ये नव्हते, मी लायब्ररीत रिसर्च सपोर्टचं काम बघते, त्यामुळे पेपर लिहून झाल्यावर "आता पाठवायचा कुठे" ही चर्चा सुरू झाली तेव्हापासूनची सगळी मेलामेली माझ्यासमोर झाली.

टीममध्ये चार जण. विभागप्रमुख सर, ज्यांनी छापील जर्नल्सच्या काळात नाव कमावलं. ज्युनिअर सर्जन मॅडम, पहिल्या लेखिका, सगळा डेटा त्यांनी काढला आणि ड्राफ्टही त्यांचाच. वॉर्डच्या सीनिअर सिस्टर, कारण मुळात ज्या कामावर पेपर आहे ते काम त्या करत होत्या. आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीतले एक स्टॅटिस्टिशियन.

काम साधं होतं पण चांगलं होतं. पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंट घरी गेले की ठरलेल्या दिवशी जखमेचा फोटो मोबाईलवरून वॉर्डला पाठवायचा, सिस्टर तो बघणार, लाली, सूज, पू असं काही वाटलं की लगेच बोलावून घेणार. ही सोय वॉर्डने आपल्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून आधीच सुरू केली होती, रिसर्चसाठी नाही. नंतर एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन जुन्या रेकॉर्डवरून तुलना केली की फोटो सुरू होण्याआधी इन्फेक्शन किती उशिरा लक्षात यायचं आणि नंतर किती लवकर. हा तपशील का सांगतेय ते पुढे कळेल.

अडचण

पेपर तयार झाल्यावर चौघांना चार वेगळ्या गोष्टी हव्यात हे उघड झालं.

सरांना त्यांच्या संघटनेचं जुनं जर्नल हवं होतं. त्यांचं म्हणणं, "आपले लोक तेच वाचतात." मॅडमना प्रमोशनच्या कमिटीपुढे जायचं होतं आणि कमिटीची अट अशी की पेपर पब्लिश झालेला हवा, ठराविक डेटाबेसमध्ये इंडेक्स असलेल्या (म्हणजे त्या डेटाबेसच्या यादीत असलेल्या) जर्नलमध्ये हवा आणि अर्जाच्या तारखेच्या आत हवा. सिस्टरना एकच हवं होतं, की ज्या वॉर्डमध्ये असं काही सुरू करायचंय तिथल्या नर्सेसना पेपर उघडता यावा, कारण त्यांच्याकडे सबस्क्रिप्शन नसतं आणि गोषवारा वाचून कुणी वॉर्डचं काम बदलत नाही. स्टॅटिस्टिशियनना डेटा आणि कोड पेपरसोबत खुला टाकायचा होता.

त्यात पाचवी अट निघाली ती कुणाच्याच डोक्यात नव्हती. छोटासा ग्रँट मिळाला होता त्याच्या कागदात एक कलम होतं की पेपर पब्लिश झाल्या दिवसापासून सगळ्यांना फुकट वाचता आला पाहिजे आणि तोही सीसी बाय लायसन्सखाली, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरू शकेल असा. २०१८ मध्ये काही देशांच्या फंडिंग संस्थांनी मिळून प्लॅन एस नावाचं खुल्या प्रकाशनाचं धोरण जाहीर केलं, २०२१ पासून ते लागू झालं, आणि तेव्हापासून अशी कलमं बऱ्याच फंडर्सच्या कागदात दिसतात. ड्राफ्ट पूर्ण होईपर्यंत ते कलम कुणी वाचलंच नव्हतं.

आणि हे सगळं चालू असतानाच मॅडमना एक मेल आला. स्पेशल इश्यू (एका विषयावरचा खास अंक), विषय अगदी जुळणारा, गेस्ट एडिटरचं (त्या अंकापुरत्या पाहुण्या संपादकाचं) आमंत्रण, काही आठवड्यांत निर्णय देण्याचं आश्वासन, फीमध्ये सवलत.

कोणते पर्याय होते

आधी सरांचं जर्नल. ते हायब्रिड होतं, म्हणजे सबस्क्रिप्शनवर चालणारं पण जास्तीची फी भरली तर आपला एक पेपर खुला करता येतो. फी नाही भरली तर स्वीकारलेली प्रत रिपॉझिटरीत (खुल्या ऑनलाइन साठ्यात) टाकायला बारा महिने थांबायचं. फंडरचं म्हणणं लगेच खुला हवा, आणि हायब्रिड जर्नलची फी ग्रँटमधून द्यायला फंडर तयार नाही. म्हणजे दोन्हीकडून अडकलो. एक वाट होती, सबमिशनच्या वेळीच लिहून द्यायचं की या पेपरच्या स्वीकारलेल्या प्रतीवर आम्ही आधीच सीसी बाय लायसन्स लावतोय, याला राइट्स रिटेन्शन म्हणतात. जर्नलच्या ऑफिसला आधीच मेल करून विचारलं तर उत्तर आलं की आमच्याकडे पैसे भरून खुला करायचा पर्याय उपलब्ध आहे. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही.

सरांच्या "आपले लोक तेच वाचतात" यावर मात्र मी थोडं भांडले. अंक टेबलावर यायचा, अनुक्रमणिका चाळायची, हे खरंच होत होतं, पण पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची वेबसाईट, १९९७ मध्ये सगळ्यांना फुकट झाली तेव्हापासून वाचक हळूहळू अंकाकडून लेखाकडे सरकला. आज निवासी डॉक्टर शोधतो "वूंड फोटो" किंवा "पोस्ट डिस्चार्ज इन्फेक्शन", समोर येतील त्यातले उघडणारे पेपर वाचतो, जर्नलचं नाव त्याला शेवटी दिसतं. सर म्हणाले तू मला शिकवू नकोस मी पण गुगल करतो, आणि ते खरंच करतात, पण जर्नल निवडताना मात्र डोळ्यासमोर तेच टेबल येतं. याला तर्क नाही, सवय आहे, आणि सवयीला थोडा मान द्यावाच लागतो.

दुसरा पर्याय स्पेशल इश्यूचा. इथे "हे खोटं जर्नल आहे का" हा प्रश्न चुकीचा होता, कारण ते खोटं नव्हतं. इंडेक्स होतं, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांचा इतर पेपरमध्ये सरासरी किती उल्लेख होतो तो आकडा) होता, वेबसाईट झकास. प्रश्न हा की पेपर छापून येईपर्यंत ते इंडेक्स राहील का. २०२३ मध्ये काय झालं ते मी मॅडमना दाखवलं. मार्चमध्ये क्लॅरिव्हेट कंपनीने एका झटक्यात पन्नासहून जास्त जर्नल्स आपल्या वेब ऑफ सायन्स या डेटाबेसच्या मुख्य यादीतून काढली, त्यात हिंदावी या प्रकाशकाची एकोणीस होती आणि एमडीपीआय या दुसऱ्या प्रकाशकाचं एक प्रचंड मोठं पब्लिक हेल्थ जर्नलही होतं. त्याच वर्षी हिंदावीचे आठ हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले, त्यातले बहुतेक गेस्ट एडिटरच्या स्पेशल इश्यूमधले, आणि वर्षाअखेरीस हिंदावीच्या मालक विली कंपनीने ते नावच बंद करायचं जाहीर केलं. त्या इश्यूंमध्ये प्रामाणिक लोकांचेही पेपर होतेच ना, ते पेपर चांगले असून काय उपयोग, सीव्हीवर नाव वाचलं की समोरचा भुवया उंचावतो. स्पेशल इश्यू म्हटला की वाईटच असं माझं म्हणणं नाही, पण गेस्ट एडिटर कोण, त्याने खरंच हे काम घेतलंय का, त्या जर्नलचे एकावेळी किती स्पेशल इश्यू चालू आहेत, हे बघायला अर्धा तास लागतो. मॅडमनी बघितलं. चालू इश्यूंची यादी संपेचना. त्यांनी मेल आर्काइव्ह केला. पण मनातून गेला नव्हता, दर वेळी उशीर झाला की त्या म्हणायच्या "तो मेल अजून आहे हां माझ्याकडे."

तिसरा पर्याय मेगाजर्नल. प्लॉस वनने २००६ मध्ये हा प्रकार सुरू केला, अभ्यास नीट केलाय का एवढंच तपासायचं, विषय किती महत्त्वाचा आहे ते वाचक ठरवतील. या पेपरला हे बरं चाललं असतं. अडचण फीची.

चौथा पर्याय मी सुचवला, दुसऱ्या एका संघटनेचं छोटं जर्नल. लेखकाकडून फी नाही, वाचकाकडून फी नाही, याला डायमंड ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. सगळे एडिटर आपापलं काम सांभाळून ते चालवतात. इम्पॅक्ट फॅक्टर होता पण अगदी लहान आणि तोही नवा, कारण २०२३ पासून क्लॅरिव्हेटने एमर्जिंग सोर्सेस या आपल्या दुय्यम यादीतल्या जर्नल्सनाही तो द्यायला सुरुवात केली. सरांनी आकडा बघून वेबसाईट बंद केली.

आणि या सगळ्याच्या बाजूला प्रीप्रिंट. म्हणजे जर्नल कुठलंही असो, त्याआधी, रिव्ह्यू (तज्ज्ञांकडून तपासणी) व्हायच्या आतच पेपर खुल्या सर्व्हरवर टाकायचा. मेडिकलसाठी मेडआर्काइव्ह २०१९ मध्ये सुरू झालं, त्याआधी आमच्या क्षेत्रात याची फारशी पद्धतच नव्हती. सरांचा ठाम विरोध. एक कारण जुनं, न्यू इंग्लंड जर्नलच्या इंगलफिंगर नावाच्या एडिटरने १९६९ मध्ये नियम केला होता की दुसरीकडे आधी आलेलं आम्ही घेणार नाही, आणि एक पिढी त्याच धाकात वाढली. आता बहुतेक मोठी जर्नल्स प्रीप्रिंट चालवून घेतात, फक्त सबमिशनच्या वेळी सांगायचं. पण सरांचं दुसरं कारण जुनं नव्हतं. म्हणाले, "रिव्ह्यू न झालेला आकडा वाचून एखाद्या वॉर्डने पेशंटला प्रत्यक्ष बोलावणं बंद केलं तर?" यावर कुणाकडेच पटकन उत्तर नव्हतं.

इंडेक्स म्हणजे नक्की कुठे

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी झाला आणि तो सगळीकडे होतो. मॅडम म्हणायच्या "पबमेड इंडेक्स्ड हवं." पण पबमेड ही शोधायची जागा आहे, तिच्यात मेडलाइन या निवडक यादीतली जर्नल्स येतात, पबमेड सेंट्रल या खुल्या साठ्यात पूर्ण मजकूर ठेवलेले लेखही येतात, आणखीही काही येतं. मेडलाइनमध्ये जर्नल निवडलं जातं. पबमेड सेंट्रलमध्ये काही वेळा संपूर्ण जर्नल येतं आणि काही वेळा फंडरच्या नियमामुळे एखादाच लेख येतो. म्हणून वेबसाईटवर पबमेडचा लोगो लावलेलं जर्नल उघडून बघितलं तर कळतं की त्यांचे मोजकेच लेख तिथे आहेत, तेही लेखकांनी टाकलेले. हे तपासायला एनएलएमचा (पबमेड चालवणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा) कॅटलॉग आहे, जर्नलचं नाव टाकलं की सध्या मेडलाइनमध्ये आहे की नाही स्पष्ट लिहिलेलं असतं. जर्नलच्या वेबसाईटवर काय लिहिलंय ते शेवटी वाचावं, आधी डेटाबेसच्या बाजूने बघावं.

इम्पॅक्ट फॅक्टरचंही तसंच. खरा आकडा क्लॅरिव्हेटचा, दरवर्षी जूनच्या सुमारास आदल्या वर्षाचा येतो, त्या वर्षाआधीच्या दोन वर्षांच्या लेखांना त्या वर्षी मिळालेल्या सायटेशन्सचा (इतर पेपरमधल्या उल्लेखांचा) हिशोब. बाकी "ग्लोबल" "युनिव्हर्सल" असली विशेषणं लावून जे आकडे फिरतात त्यांना काही अर्थ नाही. आणि खरा आकडासुद्धा जर्नलचा असतो, आपल्या पेपरचा नसतो.

शेवटी मॅडमनी जे करायला हवं होतं ते केलं, कमिटीच्या ऑफिसला लेखी विचारलं. उत्तरात पबमेडचं नावच नव्हतं. त्यांच्या यादीत दुसरे डेटाबेस होते आणि त्यातल्या एकात ते छोटं डायमंड जर्नल होतं. इतके दिवस सगळे ज्या अटीवर वाद घालत होते ती अट कुणी ठेवलीच नव्हती.

काय केलं

सुरुवात सरांच्या जर्नलपासून केली. मला ते फारसं पटलं नव्हतं, पण टीमचा निर्णय होता आणि विभागप्रमुखांचा पहिला चॉइस न आजमावता पुढे गेलो असतो तर ते शेवटपर्यंत बोलून दाखवलं गेलं असतं. राइट्स रिटेन्शनचं वाक्य घातलं. कव्हर लेटरमध्ये एक परिच्छेद मुद्दाम टाकला, की ही सोय वॉर्डने नेहमीचं काम म्हणून सुरू केली होती, रिसर्चसाठी पेशंटना कुठल्या गटात घातलं नव्हतं, म्हणून ट्रायल रजिस्ट्रेशन नंबर (क्लिनिकल ट्रायलची आधी करायची नोंदणी) नाही. आयसीएमजेईच्या (मेडिकल जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) व्याख्येत आरोग्यावरचा परिणाम बघायला माणसांना एखाद्या उपायात आधी ठरवून घातलं तर ती क्लिनिकल ट्रायल होते, तुलनेचा गट नसला तरी होते, आणि रजिस्ट्रेशन नसेल तर पेपर दारातूनच परत. ऑनलाइन सबमिशनमध्ये पहिली चाळण टेक्निकल चेकवाल्यांची असते, तिथे माणूस फॉर्म बघतो, पेपर नाही, म्हणून हे वरच लिहिलेलं बरं.

काही आठवड्यांत नकार आला, रिव्ह्यूला न पाठवताच. कारण नेहमीचं, विषय चांगला पण आमच्या वाचकवर्गासाठी मर्यादित. आणि त्याच मेलमध्ये खाली एक बटण. त्याच प्रकाशकाचं खुलं "भावंड" जर्नल, एका क्लिकमध्ये ट्रान्सफर, पुन्हा फॉर्म भरायचा नाही, फॉरमॅट बदलायचा नाही.

पहिला निर्णयाचा क्षण

नकार वाचून खचलेला माणूस आणि समोर एक बटण, ही रचना कुणीतरी विचार करूनच केलेली असणार. ट्रान्सफर वाईट नसते, रिव्ह्यू झाला असेल तर रिपोर्टही सोबत जातात, वेळ वाचतो. पण इथे रिव्ह्यू झालाच नव्हता, म्हणजे वाचणार होतं ते फक्त टायपिंग, आणि समोर पूर्ण फी.

फी माफीची चौकशी केली. रिसर्चफोरलाइफ या, कमी उत्पन्नाच्या देशांना जर्नल्स फुकट किंवा स्वस्तात देणाऱ्या उपक्रमाच्या यादीतल्या देशांना ती आपोआप किंवा बरीचशी मिळते, आमची टीम त्यात बसत नव्हती. बाकीच्यांना अर्ज करून मागता येते पण बऱ्याच प्रकाशकांकडे सबमिशनच्या वेळी किंवा आधीच मागावी लागते, पेपर स्वीकारल्यावर "आता पैसे नाहीत" म्हणून चालत नाही. काही टक्के सवलत देऊ म्हणाले. तरीही आवाक्याबाहेर.

मग स्टॅटिस्टिशियन म्हणाले, माझ्या युनिव्हर्सिटीचा या प्रकाशकाशी करार आहे, आमच्याकडचा करस्पॉन्डिंग ऑथर असेल तर फी लागतच नाही. मला करस्पॉन्डिंग ऑथर करा, प्रश्न मिटला.

या एका वाक्यावर टीम जवळजवळ फुटली. मॅडमना चाललं असतं, त्या पहिल्या लेखिका होत्याच, कमिटीला तेवढं पुरत होतं. सिस्टर म्हणाल्या पेपर खुला होतोय ना मग कुणाचं का नाव असेना. सरांना ते खटकलं आणि यावेळी मी पूर्णपणे सरांच्या बाजूने होते. करस्पॉन्डिंग ऑथर म्हणजे पेपर आल्यावर जो उत्तरं देणार तो. उद्या कुणी विचारलं की जखम कुठल्या प्रकारची होती, ड्रेन होता का, पेशंटला बोलावल्यावर काय केलं, तर हे गृहस्थ वॉर्डात एकदाही आलेले नव्हते. करार कुणाच्या युनिव्हर्सिटीचा यावरून जबाबदारी कुणाची हे ठरायला लागलं तर मग लेखक या शब्दाला काय उरतं. उलट बाजूही आहे, हे मी मान्य करते. असे करार असलेल्या श्रीमंत संस्थांना खुलं पब्लिश करणं सोपं आणि बाकीच्यांना नाही, ही व्यवस्थाच वाकडी आहे आणि स्टॅटिस्टिशियन फक्त तिच्यातली फट वापरायला सांगत होते. तरीही नको म्हटलं. ट्रान्सफर नाकारली.

दुसरा निर्णयाचा क्षण: फोटो

डायमंड जर्नलकडे जायचं ठरलं. पाठवण्याआधी त्यांची तपासणी केली: डीओएजेमध्ये (खुल्या जर्नल्सच्या यादीत) आहे, कोपचे (प्रकाशनातल्या नीतिनियमांच्या समितीचे) सदस्य आहेत, प्रत्येक लेखाला डीओआय (कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) आहे. एका गोष्टीबद्दल वेबसाईट गप्प होती, उद्या जर्नल बंद पडलं तर लेख कुठे राहणार. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. छापील अंक निदान शंभर लायब्ररीत पडलेला असायचा. २००० ते २०१९ या काळात पावणेदोनशेच्या आसपास खुली जर्नल्स वेबवरून नाहीशी झाली असं एका अभ्यासात मोजलंय, आणि अशा छोट्या संस्थांच्या जर्नल्सनाच हा धोका जास्त. एडिटरना मेल केला, त्यांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं की सगळे लेख पबमेड सेंट्रलमध्ये जातात. ठीक, तिथे सुरक्षित आहेत.

सबमिट केलं. याच सुमारास प्रीप्रिंटही टाकला, सर एकदाचे तयार झाले, अट एवढीच की त्यात फोटो नकोत आणि "प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही" हे वाक्य गोषवाऱ्यातच हवं.

जर्नलच्या सिस्टिमने मॅच रिपोर्ट (मजकूर दुसरीकडे कुठे जुळतो का ते दाखवणारा) काढला, त्यात पेपर जवळपास अख्खाच्या अख्खा दुसरीकडे असल्याचं दिसलं. अर्थात, तो आपलाच प्रीप्रिंट. कव्हर लेटरमध्ये लिंक दिली होती म्हणून एका मेलवर भागलं.

मग रिव्ह्यूअरने फोटो मागितले. बरोबरच मागितले, फोटोवरच्या पेपरमध्ये फोटो नाहीत हे विचित्रच. आणि संमतीपत्र काढून बघितलं तर त्यात लिहिलं होतं "वैद्यकीय शिक्षण व वैद्यकीय नियतकालिकांत प्रकाशनासाठी." हे वाक्य छापील जर्नलच्या काळातलं. त्या काळात फोटो अंकात जायचा आणि डॉक्टरांच्या कपाटात राहायचा. सीसी बाय लायसन्सखाली तोच फोटो जगातला कुणीही डाउनलोड करू शकतो, दुसरीकडे वापरू शकतो, धंद्यासाठीही वापरू शकतो, फक्त श्रेय द्यायचं, आणि एकदा दिलेलं हे लायसन्स परत घेता येत नाही. चेहरा नव्हता, नाव नव्हतं, पण पोटावरचा टॅटू, जन्मखूण, जुना व्रण यावरून घरचा माणूस ओळखू शकतो.

मॅडम म्हणाल्या संमती आहे ना, कायदेशीर आहे. सिस्टर म्हणाल्या, "मी त्यांना फोन करते." सगळ्यांना नाही, ज्यांचे फोटो पेपरसाठी निवडले होते त्यांनाच. सोप्या भाषेत सांगितलं की इंटरनेटवर येणार, कुणीही घेऊ शकणार, नंतर काढता येणार नाही. काहींनी आनंदाने हो म्हटलं. काहींनी नाही म्हटलं. एका बाईंनी आधी हो म्हटलं आणि संध्याकाळी परत फोन करून नको म्हटलं. ज्यांनी नकार दिला त्यांच्या फोटोंच्या जागी रेखाचित्रं काढून घेतली, आणि ज्यांनी होकार दिला त्यांच्याही फोटोंखाली जर्नलच्या परवानगीने ओळ टाकली की ही चित्रं लेखाच्या लायसन्समध्ये येत नाहीत. डेटाचा तक्ता ओळख काढून रिपॉझिटरीत गेला, कच्चे फोटो कुठेच गेले नाहीत. स्टॅटिस्टिशियनना ते थोडं लागलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच होता आणि तो टीममधल्या सगळ्यात कमी पेपर नावावर असलेल्या व्यक्तीने घेतला.

निकाल

रिव्ह्यूला वेळ लागला, भरपूर लागला, रिव्ह्यूअर मिळत नव्हते. पण जे मिळाले त्यातल्या एकाने खरी चूक पकडली. ज्या पेशंटनी फोटो पाठवलेच नाहीत त्यांना हिशोबातून वगळलं होतं, त्यामुळे सोय प्रत्यक्षापेक्षा जास्त चांगली दिसत होती. त्यांना धरून गणित पुन्हा केलं, फायदा राहिला पण कमी झाला. पेपर सुधारला, स्वीकारला गेला, ऑनलाइन आला.

तोवर प्रीप्रिंटमधला जुना आकडा एका रिव्ह्यू लेखात सायट होऊन बसला होता. सरांची भीती अगदीच हवेतली नव्हती. मॅडमनी सुधारित आवृत्ती सर्व्हरवर टाकली पण ती पेपर स्वीकारल्यावर, दरम्यान काही महिने जुनीच वर दिसत होती. शिवाय रिव्ह्यूमध्ये शीर्षक बदललं होतं त्यामुळे प्रीप्रिंट आणि छापून आलेला पेपर यांची आपोआप जोडणी झाली नाही, सर्व्हरला मेल करून करून घ्यावी लागली.

प्रमोशनचं म्हणाल तर अर्जाची तारीख हुकली. पुढच्या फेरीत अर्ज केला तेव्हा फॉर्ममध्ये खंड, अंक आणि पान नंबर असे रकाने होते. या जर्नलला अंक नाहीत, पान नंबर नाहीत, फक्त लेख क्रमांक. ऑफिसने फॉर्म अपूर्ण म्हणून परत पाठवला. एडिटरचं पत्र, डीओआयची प्रिंट वगैरे जोडून शेवटी घेतला.

वाचकांचं मात्र छान झालं. वॉर्डच्या नर्सेसचे मेल सिस्टरना येऊ लागले, फोटो कुठल्या उजेडात काढायला सांगता, पेशंटकडे चांगला फोन नसेल तर काय करता. पेपरमध्ये नसलेले आणि असायला हवे होते असे प्रश्न.

वेगळं काय करता आलं असतं

फंडरचं कलम आणि कमिटीची अट, दोन्ही ड्राफ्टच्या आधी वाचता आली असती. त्याने पहिलं सबमिशन टळलं असतं असं मला वाटतं, सर तसं मानत नाहीत.

संमतीपत्र हा सगळ्यात मोठा मुद्दा. जर्नल निवडणं पेपर लिहून झाल्यावर सुरू होतं असं आपण धरतो पण फोटो, व्हिडिओ, डेटा असेल तर ते पेशंटच्या सहीच्या दिवशीच अर्धं ठरलेलं असतं. विभागाने आता फॉर्ममध्ये वेगळा रकाना केलाय, इंटरनेटवर खुलं प्रकाशन, पुनर्वापरासह किंवा त्याशिवाय, असे दोन स्वतंत्र होकार.

प्रीप्रिंट टाकायला नको होता असं मी म्हणणार नाही. त्यामुळे पेपर लटकलेला असतानाही काम लोकांपर्यंत पोचलं. पण रिव्ह्यूअरचा मुद्दा पटला त्याच आठवड्यात सुधारित आवृत्ती वर जायला हवी होती, स्वीकृतीची वाट बघण्याचं काही कारण नव्हतं.

करस्पॉन्डिंग ऑथरच्या प्रश्नावर टीमचं अजून एकमत नाही. स्टॅटिस्टिशियन म्हणतात मोठ्या जर्नलमध्ये खुला पेपर आला असता, वेळेत आला असता, नुकसान कुणाचं झालं? दरम्यान फोटो न पाठवणाऱ्या पेशंटचं गणित कसं करायचं यावर दुसरा पेपर लिहायला घेतलाय. तो मुळात त्यांचाच विषय आहे, पहिले लेखक तेच, उत्तरं देणारे तेच, त्यामुळे यावेळी जर्नलची यादी त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या करारावरून सुरू झालीये आणि सरांनी त्यात आपलं जुनं जर्नल सगळ्यात वर लिहून दिलंय.